कोणाच्याच नावाची नसलेली घागर

घागर विकत घेतली तेव्हा मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की ती पाझरते. मला तेवढंच हवं होतं.

शहाद्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला कुंभारीण लाल घागरींची ओळ मांडून बसली होती. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की आमच्याकडे अशा ओळी सगळीकडे दिसतात. मी एक घागर उचलली आणि बोटाने वाजवून पाहिली, कारण आई तसं करते.

"एकच?" कुंभारणीने विचारलं. "छोटी नको सोबत?"

मी नको म्हणून मान हलवली. तिने माझ्याकडे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं. अनोळखी माणसांच्या नजरेचं काय करायचं ते मला कधीच कळत नाही. मी घागर स्कूटीवर पायांच्या मध्ये धरली आणि लोणखेड्याचा रस्ता धरला.

लोणखेड्याच्या एका लहान शाळेत मी बालवर्ग घेते. चार ते सहा वर्षांची मुलं असतात. वर्गात खिडकीखाली एक कोपरा आहे, त्याला आम्ही 'करून बघू' म्हणतो. तिथे लोहचुंबक आणि खिळे, एक भिंग, चिंचोके, उमललेलं कापसाचं बोंड आणि पाण्याचा निळा टब असतो. या कोपऱ्याचा एकच नियम आहे आणि तो मला एका शिबिरात शिकवला होता. उत्तर सांगायचं नाही. मुलांना हाताने करू द्यायचं, मग विचारायचं, तुला काय वाटतं? आणि जे म्हणतील ते फळ्यावर लिहायचं, चित्र काढायचं. कोणालाही चूक म्हणायचं नाही. बाकीच्या शिक्षिकांना हा नियम अवघड जातो. मला तो सोपा गेला, कारण त्यात बोलावं कमी लागतं.

मी स्वतः इंग्रजी शाळेत शिकले. पाण्याची वाफ कशी होते ते आमच्या पुस्तकात एका चित्रात होतं. खाली निळं तळं, वर हसरा सूर्य, मध्ये वर जाणारे बाण. मला ते सगळं स्पेलिंगसकट पाठ होतं. पाणी जाताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. घरी आईबाबा माझ्याशी मुद्दाम शुद्ध मराठी बोलायचे, म्हणजे पुढे इंग्रजी सोपं जाईल अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे अहिराणी मला सगळी कळते, पण तोंडातून येत नाही. वर्गातली मुलं माझ्याशी अहिराणीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते, आणि दोघांचंही चालतं.

प्रयोग साधा होता. एक मातीची घागर, एक स्टीलची कळशी. दोन्हींत सारखं पाणी. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी सोलून पांढरी केलेली. रोज सकाळी मुलांपैकी एकाने काडी घागरीत तळापर्यंत बुडवायची, जिथपर्यंत ओली होईल तिथे रंगीत दोरा बांधायचा. कळशीसाठी वेगळी काडी.

शाळेतल्या मावशी झाडू मारत आल्या आणि घागरीपाशी थांबल्या. त्या वर्गाची झाडलोट करतात, मुलांची नाकं पुसतात आणि माझ्याऐवजी पालकांशी बोलतात.

"मॅडम, ही आखाजीची घागर आहे ना?"

"बाजारातून आणली. प्रयोगाला."

"ते कळलं. पण भरली कोणाच्या नावाने?"

आखाजीला आमच्या भागात घरोघरी घागर भरतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नव्या घागरीत पाणी भरून ठेवायचं, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबा. उन्हाळ्यात पितर तहानलेले असतात, ते येऊन पितात, असं म्हणतात. पितरांचं झालं की मग घरातल्यांनी त्या घागरीतलं प्यायचं. तोवर नव्या घागरीला कोणी तोंड लावत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत फरक असतो. मला घागर दिसली होती, तिची पाझरणारी माती दिसली होती. ती कशाची आहे हे दिसलं नव्हतं.

"कोणाच्याच नाही," मी म्हटलं.

"मग येईल कोणीतरी," मावशी म्हणाल्या आणि पुढचा कोपरा झाडायला लागल्या. "उन्हाळा आहे. ज्याला कोणी विचारत नाही तो आधी येतो."

त्या गमतीत बोलतात की खरं, ते मला कधी ओळखता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घागरीचं पोट बाहेरून ओलं झालं होतं, आणि आतलं पाणी दोऱ्याच्या खाली गेलं होतं. कळशीतलं होतं तिथेच होतं. मुलं गोल करून बसली. मी विचारलं, पाणी कुठे गेलं असेल, तुम्हाला काय वाटतं?

"चिमनी पी गयी व्हई."

"घागरले भोक शे."

"पंखा पी गया." हे म्हणणारा स्वतःच हसून लोळला.

मी फळ्यावर चिमणी काढली, भोक काढलं, पंखा काढला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मन्ही माय पी गयी."

बोलणारी मुलगी खिडकीच्या कडेला बसत असे. थंडीत तिची आई गेली होती. आजारपण थोड्याच दिवसांचं होतं. तेव्हापासून ती वर्गात बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, डबा खायची, चिंचोके ओळीने लावायची, पण शब्द नाही. मीही तिला बोलतं करायचा फारसा प्रयत्न केला नव्हता. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे.

आणि आता ती बोलली होती. मुलं तिच्याकडे वळून पाहत होती. मावशींचा झाडू थांबला. माझ्या हातात खडू होता आणि नियम स्पष्ट होता. मी फळ्यावर एक बाई काढली. साडी, अंबाडा, हातात ग्लास. मुलगी उठून फळ्यापाशी आली, चित्र जवळून पाहिलं आणि म्हणाली, "टिकली."

मी टिकली काढली.

त्या दिवसापासून काडी बुडवायला तीच पुढे येऊ लागली. दोरा बांधायला तिला माझी मदत लागायची. गाठ मारताना तिचा गरम श्वास माझ्या मनगटावर यायचा. पाणी खाली गेलेलं दिसलं की ती मान हलवायची, जशी घरातली मोठी माणसं कोणी वेळेवर आल्यावर हलवतात. मला आनंद होत होता. मूक मूल बोलू लागलं, याचा शिक्षिकेला होतो तसला. मुख्याध्यापिकांना मी सांगितलंसुद्धा.

मग एका सकाळी काडी बाहेर काढली आणि पाणी वर आलेलं होतं.

कालच्या दोऱ्याच्या वर, चांगलं बोटभर, काडी ओली होती. मी पुन्हा बुडवून पाहिली. पुन्हा तेवढीच.

"टीचर, पानी वाढनं!"

मुलं नाचायला लागली. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"माझ्यावर नका बघू. मी त्या घागरीला हात लावत नाही. झाडताना पण लांबून झाडते."

वर्गाची किल्ली माझ्याकडे आणि त्यांच्याकडे, दोघींकडेच असते. सुट्टीत मी एकटीच वर्गात बसले. बाहेर गरम वारा सुटला होता आणि खिडकीच्या जाळीतून केळीच्या बागेचा सुकलेला, फडफडणारा आवाज येत होता. घागरीचं पोट ओलं होतं, त्यावर एक थेंब हळूहळू उतरत होता. मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे. तरी मी उठून त्या घागरीकडे पाठ करून बसू शकले नाही. तोंड तिच्याकडेच ठेवलं.

आणखी एकदोनदा तसंच झालं. मग मी मधल्या सुट्टीत दाराच्या आड उभी राहिले. मुलं बाहेर कडुनिंबाखाली डबे खात होती. ती एकटी आत आली. स्वतःची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी उघडली आणि घागरीत ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरली. झाकण लावलं, बाटली दप्तरात ठेवली. मग घागरीच्या ओल्या पोटावर गाल टेकवून उभी राहिली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पाणी वाढण्याचं कारण सापडलं होतं. पण मी तिचे ओठ पाहिले. ते फुटले होते, कोपऱ्यात पांढरे झाले होते. ती किती दिवस पाणी प्यायली नव्हती, ते मला माहीत नव्हतं. एप्रिलातली आमच्याकडची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मोठी माणसं चक्कर येऊन पडतात.

मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. तिने तोंडात घेतलं, गिळलं नाही, आणि घागरीकडे निघाली. मी हात धरला तेव्हा ते पाणी तिच्या हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं. ती रडली नाही. सांडलेल्या पाण्याकडे मात्र असं पाहिलं की मी हात सोडला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिची आजी आली. रोज तिला शाळेत सोडणारी तीच, वडिलांची आई. वडील केळीच्या गाडीवर असतात, कधी दिल्ली, कधी आणखी कुठे. आजी उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. तिने घागर पाहिली.

"बाई, हाई शाळा शे का भुतं बलावानी जागा?"

मावशी पुढे झाल्या. "आजी, बसा ना. पाणी आणू?"

"पानी मन्हा घर शे. पोरगी पेत नई ते सांगाले उनू मी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रातले ताप ऊना. डोकावर पट्ट्या ठेया. पानी दिधं ते म्हने, शाळामा ली जाऊ, मायले तहान लागनी व्हई."

"आता कशी आहे?" मी विचारलं.

"जपेल शे." म्हणजे झोपली होती. आजीने पुन्हा घागरीकडे पाहिलं. "मीच सांगं व्हतं तिले. आखाजीले तुन्ही माय पानी पेवाले येई, तवलोंग रडू नको. पोरगी आखाजीनी वाट देखी ऱ्हायनी व्हती. अनी तुम्ही आखाजीना आधीच घागर मांडी दिधी."

हे ऐकून मला माझी चूक पूर्ण कळली. त्या मुलीला दिवस माहीत नव्हते. तिला एवढंच माहीत होतं की लाल घागर भरली की आई येते. मी भरली होती. पाणी रोज कमी होत होतं. मी दोरे बांधून तिला रोज पुरावा देत होते.

"फेकी द्या ती," आजी म्हणाली. "नई ते तिले सांगा, माय काई येत नई म्हनीसन. तुम्ही शिकेल शेतस. माले ते सांगता येवाव नई."

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, "सांगून टाका, मॅडम. हवा पिते म्हणा. तुमच्या पुस्तकात तसंच आहे ना?"

"तुम्ही सांगाल?"

"मी? मला तरी कुठे पटलंय."

घागर फेकली असती तर मुलीला वाटलं असतं, आईची घागर टीचरनी फेकली. आणि सांगितलं असतं, की पाणी हवेत जातं, तुझी आई येत नाही, तर ती पाणी प्यायली असती कदाचित. पण एवढ्या महिन्यांनी तिला जे बोलावंसं वाटलं होतं, तेच मी पुसून टाकलं असतं. एकीकडे तिचं पाणी होतं, एकीकडे तिची आई. त्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी रिकाम्या वर्गात खूप वेळ बसून राहिले, पण दोन्हींसाठी जागा असलेलं एक वाक्य मला सुचलं नाही. ना मराठीत, ना इंग्रजीत.

आमचं घर तापीकाठी, सारंगखेड्याच्या बाजूला आहे. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई गच्चीवर बाजेवर वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, उलटत होती. मी तिच्या समोर बसून दुसऱ्या टोकाने उलटायला लागले.

आमच्या घरीही आखाजीला घागर भरतात. आजोबांची मोठी. आणि तिच्या शेजारी एक लहान, तळहातावर मावेल एवढी. ती माझ्या आधीच्या मुलीची. माझ्या आधी या घरात एक मुलगी होती आणि ती चालायला लागली होती, एवढंच मला माहीत आहे. तिचं नाव कोणी घेत नाही. कधीकधी आई मला हाक मारताना एक अक्षर चुकते आणि थांबते. मी लहानपणापासून तिच्या जागेवर बसते, तिच्या बाजूला झोपते असं मला वाटत आलं आहे, जरी तसं मला कोणी म्हटलेलं नाही. आखाजीनंतर रोज सकाळी आई त्या छोट्या मडक्याच्या पोटावर तळवा ठेवते. मी ते पाहते आणि न पाहिल्यासारखं करते.

"त्या घागरीतलं पाणी कुठे जातं गं?" मी विचारलं. कुठली घागर ते मी बोलले नाही.

आईने बिबडी उलटली. "कुठे म्हणजे? या बिबड्यांतलं जातं तिथेच. बारावी सायन्स झालीये मी, विसरलीस?"

"मग भरतेस का?"

"भरायची असते." खाली कोणीतरी मोटार बंद केली आणि पाइपातलं पाणी थांबल्याचा आवाज आला. "सकाळी हात लावला की गार लागते. तेवढ्या वेळापुरती असते ती."

मी मान खाली घालून बिबड्या उलटत राहिले.

"आणि सगळं काही हवेत जात नव्हतं," आई म्हणाली. "तू प्यायचीस."

"मी?"

"तीनचार वर्षांची असताना. छोट्या मडक्यातलं. कोणी नसलं की जाऊन तोंड लावायचीस. ओठांना लाल माती लागलेली असायची."

"मग तू रागावली नाहीस?"

"कशाला? मला बरं वाटायचं. कोणीतरी पीत होतं."

मला यातलं काही आठवत नाही. आठवतं का, ते मी अजूनही अधूनमधून तपासून पाहते. ओठांवरून जीभ फिरवते.

मुलगी पुन्हा शाळेत आली तेव्हा ताप उतरला होता, चेहरा लहान झाला होता. बाटली गळ्यात होती. मी घागरीचं नाव काढलं नाही. सगळ्या मुलांना ओसरीवर नेलं. तिथे शहाबादी फरशीवर सकाळचं ऊन तिरकं आलेलं असतं. निळा टब मध्ये ठेवला आणि म्हटलं, पंजा बुडवा आणि फरशीवर ठेवा.

ओसरीभर ओले हात उमटले. लहान, गुबगुबीत, बोटं फाकलेले. मग उन्हाच्या बाजूचे हात कडेकडेने पुसट व्हायला लागले. आधी बोटांची टोकं गेली, मग बोटं, मग तळव्याचा मधला डाग तेवढा राहिला, मग तोही गेला. मुलं ओरडत होती, मन्हा गया, मन्हा बी गया, आणि परत टबाकडे पळत होती.

ती आपल्या हातापाशी उकिडवी बसून होती. शेवटचा डाग जाईपर्यंत ती हलली नाही. मग कोरड्या फरशीला बोट लावलं.

"कोन पी गयं?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. फरशीपाशी कोणी नव्हतं. चिमणी नव्हती, भोक नव्हतं, पंखाही नव्हता. तिने आपला ओला हात तोंडासमोर धरला आणि तो वाळताना पाहिला. तो वाळताना गार लागला असणार, कारण तिने तो गालाला लावला.

"कोनीच नई," ती म्हणाली. आणि मग, "माय अशीच गयी का?"

माझ्याकडे नियम होता. उत्तर सांगायचं नाही. पण ती विचारत होती ते प्रयोगाबद्दल नव्हतं, आणि तिला काय वाटतं हे तिलाच विचारणं मला पळपुटेपणाचं वाटलं.

"हो," मी म्हटलं. "मला वाटतं, अशीच."

"मंग ती कथं शे?"

"मला माहीत नाही."

"तिले तहान लागस?"

"तेही मला माहीत नाही. मला वाटतं, नसेल लागत." माझा आवाज मलाच परका वाटत होता. एवढं सलग मी वर्गात क्वचितच बोलते. "तुला लागते. ते मला माहीत आहे."

ती उठली. वर्गात गेली. मी मागे गेले. तिने घागरीपाशी बाटली उघडली, आणि मी दारात थांबले. तिने थोडं पाणी घागरीत ओतलं. बाटली डोळ्यांसमोर धरून किती उरलं ते पाहिलं. मग उरलेलं पिऊन टाकलं, एका दमात, मान मागे टाकून, घशाचा आवाज करत. प्यायल्यावर घागरीकडे पाहून तिने हाताने तोंड पुसलं, जेवताना सोबत असलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

मावशी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "अर्धं तिचं, अर्धं हिचं," त्या हळूच म्हणाल्या. "वाटणी तर बरी केली पोरीने."

आखाजीपर्यंत तिने असंच केलं. मी काडी बुडवणं बंद केलं नाही, पण आता मोजण्याला अर्थ राहिला नव्हता. आजीला मी निरोप पाठवला, की घागर मी फेकलेली नाही, पण मुलगी पाणी पिते. आजीने उलटा निरोप पाठवला, की ते तिला दिसलं आहे.

आखाजीनंतर शाळा थोडेच दिवस भरणार होती. बरीच मुलं मामाच्या गावाला गेलेली होती. ती मात्र आली. तिच्या हातात एक काडी होती. पऱ्हाटीची, सोललेली. आमची नव्हती, ती कोपऱ्यातच होती. ही घरून आणलेली. तिच्यावर दोरे बांधलेले होते, एक लाल, एक हिरवा, एक साडीच्या किनारीतून ओढून काढलेला सोनेरी, एकाखाली एक. गाठी तिच्या नव्हत्या. आवळलेल्या, मोठ्या माणसाच्या होत्या.

आजी उंबऱ्यात होती. या वेळी तिने एक पाय आत टाकला.

"घागरपासून हालनी नई," घरच्या घागरीबद्दल ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "काडी बुडाडी ऱ्हायनी अनी माले म्हने, गाठ मार. मरो. मी गाठी मारत बसनू."

मुलीने काडी मला दिली. मी ती उजेडात धरली. दोरे खाली खाली गेले होते, मध्ये जागा सोडत, जशी माती पाणी सोडते तशीच. मुलं जमली. मी आपला प्रश्न विचारला.

"पाणी कुठे गेलं असेल? तुला काय वाटतं?"

तिने पहिल्या दोऱ्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. विचार करून बोलत होती.

"थोडं हवा पी गयी," ती म्हणाली. "थोडं माय."

तिसऱ्या, सोनेरी दोऱ्यावर बोट आलं, आणि तिने आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली.

"अनी थोडं मी."

मी फळ्यावर हवा काढली, म्हणजे नुसत्या वाकड्या रेघा. मग टिकली लावलेली बाई काढली. मग तिच्या शेजारी, दोन वेण्यांची, फ्रॉकमधली एक मुलगी. तिघांच्या मध्ये घागर. त्यातलं काय खरं, हे मी लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी मावशींनी फळा पुसायला घेतला, पण त्या चित्राभोवतीची जागा पुसून तेवढं ठेवलं. मग घागरीकडे आल्या. ती रिकामी करून मी पालथी घातली होती. पोट अजून दमट होतं.

"हिचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "कोणाच्याच नावाची नाही. कोणाला देणार?"

मी घागर उचलली आणि स्कूटीवर पायांच्या मध्ये धरून घरी आणली. आईने ती माझ्या हातातून घेतली. धुतली, भरली आणि त्या छोट्या मडक्याच्या शेजारी ठेवली.

सकाळी आई उठायच्या आत मी तिथे गेले. घागरीच्या पोटावर तळवा ठेवला, ती गार होती. मग छोटं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यातलं घोटभर पाणी प्याले. खाली ठेवताना मागे पावलं वाजल्यासारखी वाटली. वळून पाहिलं नाही. आई असती तर बोलली असती.